बागेत विषाणू फवारावेत काय?

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. झाडांच्या रोगांवर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे तुम्हाला वाटेल, आणि ते बरोबरही आहे. पण चार-पाच वर्षांपूर्वी वर्गात एक लहानसा प्रसंग घडला. त्यात मी चुकलो, आणि ती चूक निस्तरता निस्तरता या विषयात ओढला गेलो.

त्या दिवशी मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक शिकवत होतो. या यंत्राने काय काय दिसते हे सांगताना मी फळ्याशेजारी एक चित्र टांगले होते. वर कंगोरेदार डोके, खाली सरळ दांडा आणि दांड्याच्या तळाशी सहा बारीक पाय. चंद्रावर उतरणाऱ्या यानाची आठवण व्हावी असा हा आकार. हा एक विषाणू. मात्र तो माणसाला रोग करत नाही, झाडालाही करत नाही. तो जीवाणूला रोग करतो. जीवाणूच्या अंगावर तो उतरतो, आपला आनुवंशिक धागा आत सोडतो, आणि थोड्याच वेळात तो जीवाणू फुटून त्यातून तसेच शंभरएक विषाणू बाहेर पडतात. अशा विषाणूंना बॅक्टेरिओफेज किंवा नुसते फेज म्हणतात. मराठीत त्यांना जीवाणुभक्षक म्हणतात.

तास संपल्यावर सांगोला तालुक्यातला एक मुलगा टेबलाशी आला. त्यांची डाळिंबाची बाग आहे. तो म्हणाला, “सर, आमच्या बागेत तेल्या आलाय. तेल्या जीवाणूनंच होतो ना? मग त्या जीवाणूला मारणारा विषाणू धरून आणला आणि फवारला तर?”

मी हसून म्हणालो, “अरे, रोग घालवायला विषाणू फवारायचे? चोर धरायला दरोडेखोर बोलावण्यातला प्रकार झाला तो!” आजूबाजूची मुले हसली. तो काही बोलला नाही.

घरी आल्यावर मात्र मला चैन पडेना. नुकतेच मी तासभर सांगितले होते की हा विषाणू जीवाणूखेरीज कोणाच्या वाटेला जात नाही. आणि त्यातूनच निघणारा सरळ प्रश्न त्या मुलाने विचारला तर मी ‘विषाणू’ या शब्दालाच भ्यालो होतो. ग्रंथालयात जाऊन शोधू लागलो तेव्हा कळले की त्याने विचारलेला प्रयोग साधारण शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी करून पाहिलेला आहे.

माझे मत लपवून ठेवण्यात अर्थ नाही. बागेत हे विषाणू फवारावेत. पण बाटलीतले आणखी एक औषध समजून फवारले तर आपण पस्तावू, आणि दोष मात्र विषाणूंना देऊ. असे एकदा होऊन गेले आहे.

तेल्या म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. झँथोमोनास नावाच्या जीवाणूंची एक जात डाळिंबाच्या पानांवर, फांद्यांवर आणि फळांवर वाढते. आधी पाणी शोषल्यासारखे तेलकट काळपट ठिपके दिसतात, म्हणून ‘तेल्या’. पुढे फळावर इंग्रजी एल किंवा वाय अक्षराच्या आकाराच्या भेगा पडतात. आतले दाणे चांगले असले तरी असे फळ बाजारात कोणी घेत नाही. पावसाचा थेंब रोगट पानावर आपटून उडाला की शेजारच्या झाडावर रोग जातो. छाटणीच्या कात्रीवरून जातो, रोगट झाडाच्या गुटी कलमातून दूरच्या गावालाही जातो. मृग बहार धरणाऱ्यांना त्याचा धाक सर्वांत जास्त, कारण फळ वाढीला लागते आणि पाऊसही तेव्हाच असतो. सोलापूर, नाशिक, सांगली, नगर या भागांत तेल्यामुळे बागा उपटून टाकलेले शेतकरी आहेत.

यावर शेतकरी काय करत आले? मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण मारतात, आणि त्याच्या जोडीला प्रतिजैविक. “आण्णांनी यंदा स्ट्रेप्टो किती वेळा मारलं ते विचारू नका, सर,” असे तो मुलगा मला नंतर म्हणाला होता. स्ट्रेप्टो म्हणजे नव्वद भाग स्ट्रेप्टोमायसीन आणि दहा भाग टेट्रासायक्लीन यांची भुकटी. यातले स्ट्रेप्टोमायसीन हे नाव नीट लक्षात घ्या. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वॉक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी ते शोधले. क्षयरोगावर खऱ्या अर्थाने लागू पडलेले हे पहिले प्रतिजैविक. माणसाच्या फुप्फुसासाठी राखून ठेवावे असे हे औषध आपण पानांवर शिंपडत आलो. जीवाणू असल्या औषधाला सरावतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या नासपतीच्या बागांत स्ट्रेप्टोमायसीनला दाद न देणारे रोगजंतू १९७१ सालीच आढळले. शिवाय दाद न देण्याची ही विद्या ज्या जनुकांत असते, ती जनुके एका जातीचा जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूला देऊ शकतो. २०२१ च्या डिसेंबरात केंद्रीय कृषी मंत्रालयाने या दोन्ही प्रतिजैविकांचा शेतीतला वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, तो याच काळजीपोटी. मला हे पाऊल योग्य वाटते. पण डाळिंबवाल्याच्या हातातली वस्तू काढून घेताना त्याच्या दुसऱ्या हातात काय ठेवणार, हे विचारण्याचाही त्याला हक्क आहे.

आता त्या जुन्या प्रयोगांकडे वळू. फेजचा शोध १९१५ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी, आणि स्वतंत्रपणे १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द’हेरेल यांनी लावला. बॅक्टेरिओफेज हे नाव द’हेरेल यांचे. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९२४ साली, मालमन आणि हेमस्ट्रीट या दोघा अमेरिकन संशोधकांना दिसले की सडक्या कोबीचा रस गाळून घेतला तर त्या गाळलेल्या रसाने कोबी सडवणारा जीवाणू वाढेनासा होतो. पुढच्याच वर्षी कोटिला आणि कून्स यांनी बटाट्याच्या रोगावर अशीच गोष्ट दाखवली. मला सर्वांत आवडला तो १९३५ सालचा थॉमस यांचा प्रयोग. मक्याच्या एका जीवाणूजन्य मर रोगासाठी त्यांनी रोगट बियाण्यालाच फेज चोळले, आणि रोगी रोपांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून दीड टक्क्याच्या आसपास उतरले!

मग हे सारे मागे का पडले? एक कारण म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आलेली प्रतिजैविके. ती स्वस्त होती, सोपी होती आणि एका फटक्यात पुष्कळ जातींचे जीवाणू मारत होती. दुसरे कारण असे की फेजचे प्रयोग कधी साधत आणि कधी साफ फसत. का फसत हे नीट कळण्याआधीच लोक कंटाळले. औषध फसले तर ‘मात्रा कमी पडली’ म्हणून भागते. फेज फसला तर तो हवेत, उन्हात, पाण्यात कसा वागला हे पाहावे लागते, आणि येथे माझ्यासारख्या पदार्थविज्ञानाच्या माणसालाही थोडे बोलायला जागा मिळते.

फेजला पोहता येत नाही. तेल्याच्या जीवाणूला शेपटीसारखा एक तंतू असतो व तो हलवून तो पाण्यातून पुढे सरकतो. फेजला तसले काही नाही. पानावरच्या पाण्याच्या पापुद्र्यात पाण्याचे रेणू त्याला चोहीकडून धक्के देतात आणि तो कधी इकडे, कधी तिकडे असा भरकटत राहतो. हीच ब्राउनीय हालचाल. तिचे गणित १९०५ साली आइन्स्टाइन यांनी मांडले. दुप्पट अंतर कापायला चौपट वेळ, दहापट अंतर कापायला शंभरपट वेळ, असा त्याचा हिशेब आहे. फेजएवढ्या कणासाठी मी आकडे घालून पाहिले. १० मायक्रॉन, म्हणजे १ मिलिमीटरचा शंभरावा भाग, एवढे अंतर जायला त्याला साधारण १२ सेकंद लागतात. पूर्ण १ मिलिमीटर जायला मात्र सुमारे ३५ तास! बोटाच्या नखावरून इकडून तिकडे जायचे म्हटले तर फेजचे कित्येक आठवडे त्यातच जातील.

आता असे समजा की फवाऱ्याच्या पाण्यात दर मिलिलिटरला १० कोटी फेज आहेत. मग दोन फेजमधले सरासरी अंतर सुमारे २० मायक्रॉन होते. हे अंतर भरकटत जायला एखादे मिनिट पुरते. पण कोणी काटकसर करून, किंवा जुना साठा वापरून, मिलिलिटरला फक्त १ लाख फेज ठेवले तर? अंतर दहापट झाले, वेळ शंभरपट, म्हणजे जवळजवळ दीड तास. तोवर थेंब सुकून जाईल. आणि हा नुसता अंतराचा हिशेब झाला. भरकटत जाताना जीवाणूला चुकवून पुढे जाण्याचा संभव धरला तर वेळ याच्या कितीतरी पट वाढतो. म्हणजे बाटलीवर नाव तेच, रंग तोच, वासही तोच, पण एक फवारा कामाचा आणि दुसरा निव्वळ पाणी. डोळ्यांनी पाहून यातला फरक कोणालाच कळणार नाही.

२०० लिटरच्या ड्रमला १० कोटींच्या हिशेबाने २० लाख कोटी फेज लागतील. आकडा ऐकून छाती दडपते, पण तेवढे वाढवणे अवघड नाही. एका फेजपासून शंभर, शंभरांपासून दहा हजार, अशा सात पिढ्यांत ड्रमला पुरून उरतील एवढे होतात. अट एकच, भोवती खायला भरपूर जीवाणू हवेत. प्रयोगशाळेतल्या चंबूत ते असतात. पानावर नसतात, निदान रोग बळावेपर्यंत तरी नसतात. म्हणूनच ‘थोडे सोडा, ते आपोआप वाढतील’ असे कोणी सांगितले तर त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

दुसरा वैरी म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण फेजचा आनुवंशिक धागा मोडतात. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातल्या संशोधकांनी टोमॅटोवरच्या ठिपक्यांच्या रोगासाठी फेज वापरताना या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला. तिथला रोगजंतूही झँथोमोनासच, आपल्या तेल्याचा जवळचा भाऊबंद, आणि तांब्याच्या औषधाला तो पुरता सरावलेला. सकाळी फवारलेले फेज दिवसभरात नष्ट होत, म्हणून त्यांनी फवारणी संध्याकाळी केली. साय काढलेल्या दुधाची भुकटी, साखर किंवा पीठ मिसळले तर फेज पानावर जास्त टिकतात हेही त्यांनी दाखवले. मोठमोठ्या रसायनांचे जे काम, ते दुधाच्या भुकटीने करावे, हे मला फार गमतीचे वाटले. २००५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने टोमॅटो आणि मिरची यांवरील अशा रोगांसाठी फेजच्या मिश्रणाची रीतसर नोंदणी केली. तेव्हा ही काही कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही.

फेजचा मोठा गुण म्हणजे त्याची निवड फार काटेकोर असते. बोर्डो मिश्रण पानावरच्या भल्याबुऱ्या सगळ्याच जीवाणूंना झोडपते, प्रतिजैविकही तसेच. तेल्याचा फेज मात्र तेल्याचाच जीवाणू धरतो. झाडाच्या मुळांशी उपकारक जीवाणूंची जी वस्ती असते, तिला तो हात लावत नाही. पण हाच गुण उलटतोही. फ्लॉरिडातल्या टोमॅटोचा फेज सांगोल्यातल्या डाळिंबावर चालेल अशी आशाच करू नये. सांगोल्याचा नाशिकला चालेलच, हेही तपासूनच पाहावे लागेल.

शिवाय जीवाणू फेजलाही सरावतातच. याबाबत आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांना अभिमान वाटावा असा एक प्रयोग आहे. माक्स डेलब्रुक हे मूळचे पदार्थवैज्ञानिक. त्यांनी आणि साल्वादोर लुरिया यांनी १९४३ साली दाखवले की फेजला दाद न देणारे जीवाणू फेज भेटण्याच्या आधीपासूनच, कोट्यवधींत एखादा, असे तयार असतात. फेज येतो तेव्हा बाकीचे मरतात आणि हे उरतात. या दोघांना १९६९ साली अल्फ्रेड हर्शी यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. एकच फेज वर्षानुवर्षे फवारला तर स्ट्रेप्टोमायसीनचीच कथा पुन्हा घडेल, असा याचा साधा अर्थ.

पण पूर्णपणे तशीच घडेल असेही नाही. चीनमधल्या नानजिंग येथील संशोधकांनी २०१९ साली टोमॅटोच्या मर रोगावर निरनिराळ्या फेजचे मिश्रण वापरून पाहिले. रोगाचे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत कमी झाले. यातला मजेशीर भाग पुढेच आहे. जे रोगजंतू फेजच्या तावडीतून सुटले, ते अशक्त झाले होते आणि सावकाश वाढत होते. फेजपासून वाचण्यासाठी त्यांना जे बदलावे लागले त्याची किंमत त्यांनी अशी मोजली. त्यांच्या दुबळेपणाचा फायदा घेऊन मातीतल्या इतर जीवाणूंनी तिथे पाय पसरले. रसायन एकदा बाटलीत भरले की ते बदलत नाही. फेजचे तसे नाही. जीवाणू बदलला तर त्याच्या मागोमाग फेजही बदलू शकतो आणि रोज नव्याने पकडूनही आणता येतो. जिथे रोग आहे तिथल्याच मातीत आणि पाण्यात तो बहुधा सापडतो.

असे असले तरी फेज म्हणजे झाडाचा मित्रच, असे समीकरण कोणी मांडू नये. त्याला झाडाशी काही देणेघेणे नाही. याच मर रोगाच्या जीवाणूवर दोऱ्यासारखे लांबट फेज सापडले आहेत. ते जीवाणूला फोडत नाहीत, त्याच्याच अंगात बिऱ्हाड करून राहतात. जपानी संशोधकांना असे दिसले की त्यांतला एक फेज शिरल्यावर जीवाणू जास्त घातक बनतो, आणि त्याच कुळातला दुसरा शिरला तर तोच जीवाणू नरम पडतो. म्हणून हाती लागलेला कोणताही फेज उचलून ड्रममध्ये ओतणे हा शहाणपणा नव्हे. जीवाणूला हमखास फोडणाराच फेज निवडायला हवा आणि त्याचा आनुवंशिक धागा आधी वाचून पाहायला हवा. आज हे काम पूर्वीइतके खर्चाचे राहिलेले नाही.

मला वाटते की डाळिंबाच्या पट्ट्यातल्या महाविद्यालयांनी या कामात उतरले पाहिजे. फेज मोजायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागत नाही. काचेच्या बशीत जीवाणूंचा दाट थर वाढवून त्यावर विरळ केलेले पाणी टाकले की जिथे जिथे एक फेज पडला तिथे तिथे थर विरघळून एक स्वच्छ ठिपका उमटतो. ठिपके नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. बाजारातल्या बाटलीत खरोखर किती फेज आहेत, ते महिनाभरात किती उरले, उन्हात ठेवलेल्या पानावर किती टिकले, हे बी.एस्सी.चा विद्यार्थीही सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, शिक्षक शेजारी असताना, शोधू शकेल. (घरी मात्र कोणीही रोगट पाने कुजवून असले उद्योग करू नयेत. काय वाढेल याचा नेम नसतो.) सोलापूरला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. बागेतल्या चाचण्या त्यांच्या सल्ल्यानेच व्हाव्यात. आणि चाचणी करताना काही ओळी फेज न मारता ठेवल्याच पाहिजेत. तुलनेला काही नसेल तर पाऊस कमी झाला म्हणून तेल्या हटला की फेजमुळे हटला, हे कधीच कळणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पुष्कळशा गोंधळाचे मूळ अशाच ठिकाणी आहे असे माझे मत आहे.

पाठ्यपुस्तकांविषयीही एक तक्रार आहे. विषाणूचा धडा रोगांच्या यादीने सुरू होतो आणि रोगांच्या यादीनेच संपतो. जीवाणुभक्षकाला फार तर एक आकृती मिळते, तीही ‘नावे द्या’ या प्रश्नापुरती. माझ्या डोक्यात जी भीती बसली होती ती अशाच धड्यांनी बसवलेली.

त्या मुलाची मी पुढच्याच तासाला सर्वांसमोर माफी मागितली आणि हे सगळे गणित फळ्यावर मांडले. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या घरी जाण्याचा योग आला. आण्णांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. १० कोटींचा आकडा त्यांनी पुन्हा विचारून घेतला, दुधाच्या भुकटीवर हसले. मग बागेकडे बघत म्हणाले, “ते सगळं खरं, सर. पण ऊन उतरल्यावर फवारायचं म्हणता. चारशे झाडं. संध्याकाळी सहानंतर गडी कुठला मिळायचा?”

माझ्या हिशेबात गडी धरलेलाच नव्हता. परतताना बसमध्ये मी वहीत नवे गणित मांडले. चारशे झाडे, एक पंप, दोन माणसे, आणि सूर्य मावळल्यापासून अंधार पडेपर्यंतची मिनिटे.